सुपरचार्जरचा आळ

माझ्या धाकट्या भावावर, गुरुप्रसादवर, यंदाच्या मे महिन्यात आळ आला. चोरीचा नाही की लबाडीचा नाही, गाडीत चुकीचं तेल घातल्याचा. ऐकणाऱ्याला वाटेल, यात काय एवढं? पण ज्याचं पोट लोकांच्या गाड्यांवर चालतं त्याचं सगळं भांडवल म्हणजे त्याचं नाव. ते एकदा गेलं की पत्र्याची शेड आणि पाने-पक्कड एवढंच उरतं.

गुरू पहिल्यापासून कमी बोलणारा. माणसांशी कमी, गाड्यांशी जास्त. दहावीनंतर कणकवलीला एका गॅरेजात लागला, तिथून म्हापशाला गेला आणि परदेशी गाड्यांचं काम शिकला. बाबा गेले तेव्हा आईसाठी परत आला. हातात कला होती, पण उभं राहायला जागा नव्हती. कुडाळ-मालवण रस्त्याच्या कडेला डॉमिंगोकाकांचा जमिनीचा एक तुकडा होता. ते आखातात बरीच वर्षं नोकरी करून आलेले. गुरूला म्हणाले, "हंय पत्रे घाल. माझी गाडी बगणारो कोण तरी जवळ होयो." तेव्हापासून गुरूची शेड तिथेच आहे. भाडं घ्यायचा विषय काकांनी कधी काढला नाही, आणि त्यांच्या मागे त्यांच्या बायकोने, क्लेमेंटिनामायनेही नाही.

काकांची ती गाडी म्हणजे आमच्या भागातली एक नवलाईच. चंदेरी रंगाची, परदेशी, गोव्यात कुणाकडून तरी जुनी घेतलेली. तिच्या इंजिनाला सुपरचार्जर होता. मला यातलं काही कळत नव्हतं. गुरूने एकदा जेवताना सांगितलं ते असं: इंजिनाला पेट्रोलबरोबर हवा लागते. सुपरचार्जर ती हवा दाबून जास्त भरतो, म्हणून गाडीला जोर येतो. त्याच्या पोटात दोन पीळदार रोटर असतात, काथ्याच्या दोरीला पीळ असतो तसे. ते एकमेकांत अडकून फिरतात, पण एकमेकांना शिवत नाहीत. मधे केसाएवढी फट. त्यांना इंजिनावरचा पट्टा फिरवतो, आणि पुढच्या नाकाडात त्यांचे गिअर असतात, त्यांना वेगळं तेल लागतं.

"केसाएवढी फट, आणि शिवत नाहीत?" मी म्हटलं.

"शिवले तर मेले," गुरू म्हणाला आणि आमटी वाढून घेतली.

त्याची एक सवय आहे. नवीन गाडी आली की बॉनेट उघडायच्या आधी विचारतो, "गाडी राती खंय असता?" झाडाखाली, अंगणात, नदीकाठी, की गोठ्याशेजारी. लोक हसतात, पण वैद्य नाही का विचारत, काय खाल्लंस, कुठे झोपलास? तसंच आहे ते. क्लेमेंटिनामायच्या गाडीबद्दल मात्र त्याने विचारलं नाही. घरचीच गाडी, तिचं काय विचारायचं?

काकांना जाऊन वर्ष व्हायला आलं होतं. त्यांचा मुलगा रॉयडन बोटीवर नोकरीला. तो वर्षाच्या मिसाला, म्हणजे काकांसाठीच्या चर्चमधल्या प्रार्थनेला, येणार म्हणून मायने वाडीतल्या एका ड्रायव्हरकरवी गाडी गुरूकडे पाठवली. गुरूने इंजिनचं तेल बदललं, हवेचा फिल्टर नवा घातला, सुपरचार्जरच्या नाकातलं तेलही बदललं. गाडी धुऊन परत पाठवली. रॉयडन आला, मिसा झाली, आणि मग तो गाडी घेऊन फिरू लागला. वेंगुर्ले, गोवा, मावशीकडे, मित्रांकडे. जवळचा म्हणून जांभ्या चिऱ्याच्या खाणीचा रस्ता धरायचा. एप्रिल-मेमध्ये त्या रस्त्यावर ट्रकांमागे अशी लाल धूळ उठते की पुढच्याचा नंबर दिसत नाही.

गोव्याहून परत येताना चढावावर गाडीचा जोर गेला. आधी शिट्टीसारखा आवाज होता, मग गिरणीत खडा गेल्यासारखा. शेवटी दुसऱ्या गाडीला बांधून ओढत आणली.

मी गुरूचा डबा घेऊन गेले तर रॉयडन शेडमध्ये उभा. लहानपणी दोघं एकाच ओहोळात पोहलेले, पण त्या दिवशी त्याचा सूर वेगळाच होता.

"सुपरचार्जरात तेल कोणी घातल्यान?"

"मी घातलंय," गुरू म्हणाला.

"मगे तूच सांग. तेल घातलंस आणि म्हयन्यात तो मेलो कसो?"

"बगल्याशिवाय कसां सांगू?"

"माका इंजिनां कळतत, गुरू. चुकीचां तेल पडलां की गिअर जातत. नेटवर सगळां लिवन आसा."

"आसात लिवलेलां. पण माका बगूक दी."

रॉयडनने किल्ली टेबलावर टाकली आणि गेला. संध्याकाळी वाडीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर त्याचा मजकूर आला. चांगल्या गाड्या असतील तर इथे देऊ नका, माझ्या वडिलांची गाडी चुकीचं तेल घालून बाद केली. नाव लिहिलं नव्हतं, पण आमच्या रस्त्याला दुसरं गॅरेज आहेच कुठे?

कुडाळच्या एका वकिलांची गाडी त्या आठवड्यात यायची ठरली होती, ती आली नाही. एक जण अर्ध्या कामातली गाडी घेऊन गेला. मी मासळी आणायला गेले तर सुगंधा मासेवाली सगळ्यांच्या देखत म्हणते, "काय गो भक्ती, तुझ्या भावान गाडयेक गोडा तेल घातल्यान म्हणतत?"

"तू तुझे बांगडे बग," मी म्हटलं, "कालचे की परवाचे तां."

बायका हसल्या. पण घरी येईपर्यंत माझा जीव जळत होता. देवापुढे दिवा लावला आणि एवढंच मागितलं की खरं काय ते बाहेर येऊ दे. त्याच्या बाजूने येवो की विरुद्ध येवो, पण खरं येऊ दे.

गुरूला स्वतःचीही खात्री नव्हती, हे मला त्याच्या जेवणावरून कळत होतं. तेल त्याने बरोबरच मागवलं होतं. पण माणूस आहे, हात चुकतो.

त्याने आधी पट्टा काढला आणि इंजिन क्षणभर चालू करून बंद केलं. आवाज नाही. म्हणजे दुखणं इंजिनाच्या पोटात नाही, पट्टा ज्यांना फिरवतो त्यांच्यातल्या कुणाला तरी आहे. मग एकेक चाक हाताने फिरवून बघितलं. पट्टा ताणून धरणारी एक छोटी पुली हलत होती. त्याचा चेहरा उजळला. "अक्का, हीच असतली!" म्हणाला. कुडाळहून नवी आणली, बसवली, इंजिन चालू केलं आणि गिरणी पुन्हा सुरू. त्याने इंजिन बंद केलं. 

मग राहिला सुपरचार्जरच. त्याची पुली हाताने फिरवली तर करकर करत होती, पाट्यावर वाळू राहिली असेल तशी.

"अक्का, एक धुतलेलो पांढरो फडको दी," तो म्हणाला.

मी आईच्या जुन्या लुगड्याचा तुकडा दिला. नाकाडाचं बूच काढून त्याने आतलं तेल त्यावर ओतलं आणि फडका उन्हात धरला. गिअर झिजले असते तर त्यात धातूचा चुरा चकाकला असता. तेल जळलं असतं तर वास आला असता. त्याने फडका सगळीकडून बघितला, बोटावर तेल चोळलं, हुंगलं. काहीच नाही. जसं घातलं तसं होतं.

मला वाटलं, सुटलो. पण तो म्हणाला, "ह्यां रॉयडनाक दाखवून काय उपेग? तो म्हणतलो, आता बदललंस. तेलान मरूक नाय, तर कशान मेलो तां होया."

मग त्याने सुपरचार्जर उतरवला आणि हवा आत जाते त्या तोंडातून बॅटरी मारली. मला बोलावून दाखवलं. रोटरवरचा गुळगुळीत थर खरवडून निघाला होता आणि कोपऱ्याकोपऱ्यात पिठासारखी लाल धूळ बसली होती. त्या केसाएवढ्या फटीत धूळ शिरली, की दोन रोटरांचं जातं होतं.

आता मलाही कोडं पडलं. "फिल्टर तू नवा घातलास ना? धूळ अडवायलाच असतो ना तो?"

"फिल्टर चांगलो आसा. फाटूक नाय, काय नाय." तो बाकावर बसला.  मग एकदम उठून फिल्टर आणि सुपरचार्जर यांच्यामधला रबरी पाइप काढला. जाड, वाकडा, काळा पाइप. वरून अगदी धड, चांगला चकचकीत. त्याने तो उलटा केला आणि खालच्या बाजूने बोट फिरवलं. बोट आत गेलं.

खालच्या वळणाला भोक होतं. कडेने बारीक बारीक दातांच्या खुणा.

"उंदीर," तो म्हणाला. फिल्टरच्या पुढे भोक पडलं, की फिल्टर असून नसल्यासारखाच. खाणीच्या रस्त्यावरची सगळी धूळ तिथून सरळ आत.

मी हात जोडले. पण गुरू पाइप नाकाशी धरून उभा होता. बॉनेटखाली आणखी चार-पाच रबरी नळ्या होत्या. एकीलाही दात लागला नव्हता. उंदराने हीच का निवडली?

"अक्का, वास घे."

मी घेतला. खवट खोबरेलाचा वास.

दुसऱ्या दिवशी तो मायच्या घरी गेला आणि मीही फणसाचे गरे घेऊन सोबत गेले. गाडी राती खंय असता, ते या वेळी त्याने डोळ्यांनीच बघितलं. काकांच्या वेळी ती घरापुढच्या पडवीत असायची. पण उन्हाने रंग जातो म्हणून मायने ती मागच्या मांगरात, सामान ठेवायच्या खोपटात, हलवली होती. मांगरात काजूची पोती, सुके नारळ, काकांची जुनी स्कूटर, आणि मधोमध गाडीची रिकामी जागा, शेणाने सारवलेली. भिंतीवर मेरीमातेचं चित्र. खिडकीत एक वाटी आणि तिच्यात फडका.

"ह्यां काय, माय?" गुरूने विचारलं.

"खोबरेल," माय कौतुकाने म्हणाली. "तुझो काका म्हणायचो, दर्याच्या वाऱ्यान रबर फुटता, रबराक जपूक होयां. तो गेलो, मगे कोण जपतला? दर शनिवारी बॉनेट उगडतंय, हात पोचता थंय फडको फिरयतंय. तो मोटो पायप तर कसो चकचकता, बगलंस मा?"

गुरू म्हणाला, "बगलंय."

"बरां केलंय मा, पुता?"

आमच्याकडे खोबरेल कशाला लावत नाहीत? केसांना, भेगांना, बिजागरीला, शिलाई मशीनला, बाळाच्या टाळूला. जे सुकतं, करकरतं, फुटतं, त्याला खोबरेल. पाइपाला वरून लावलेलं ओघळून खाली साचलं. काजूसाठी आलेल्या उंदरांना आयतं जेवण मिळालं.

"बरां केलंस, माय," गुरू म्हणाला. "पण मांगरात उंदीर खूप जाले हत. पिंजरो लावया."

वाटेत त्याने मला थांबवलं. "अक्का, ह्यां कोणाक सांगू नको. रॉयडनाक तर नायच. नवऱ्याची आठवण म्हणान लायता ती. तिका कळलां तर हात लावची नाय गाडयेक परत."

"आणि तुझं नाव?"

"उंदीर गावलो मा? तेवडां पुरे."

पण तेवढं पुरलं नाही. रॉयडन आला, पाइप बघितला, भोक बघितलं, धूळ बघितली. त्याला पटलं. पण तो चार बुकं शिकलेला, प्रश्न विचारणारच.

"उंदरान ह्योच पायप कसो खाल्ल्यान?"

"उंदराक कोण विचारता?"

"आणि सर्व्हिसिंगाच्या टायमाक तुका दिसूक नाय?"

इथे गुरूला गप्प राहता आलं असतं. भोक आधीचं की नंतरचं, कोण सांगणार होतं? पण खुणा त्याने नीट बघितल्या होत्या, काही ताज्या होत्या, काही जुन्या. तो म्हणाला, "नाय दिसूक. वरसून बगलंय, खालसून हात घालूक नाय. ती माझी चूक."

रॉयडनने पाइप खाली ठेवला. मग गेला. आणि संध्याकाळी ग्रुपवर आलं: तेल नाही, दुसरं कारण निघालं, पण मेकॅनिकने स्वतःची चूक मान्य केली आहे.

खोटं काहीच नव्हतं त्यात. म्हणूनच जास्त वाईट. तेलाची गोष्ट लोक विसरले असते. "मान्य केली" हे कोण विसरतो? मी गुरूला नाही नाही ते बोलले. "हरिश्चंद्राचो अवतार!" म्हटलं. तो पाने पुसत होता. "अक्का, हात घालूक होयो होतो मी," एवढंच म्हणाला. परदेशी गाड्या आता घेणार नाही, रिक्षा आणि टेम्पो बघेन, असंही म्हणाला. ते मात्र त्याने माझ्याकडे न बघता म्हटलं.

दोन दिवसांनी भर दुपारी क्लेमेंटिनामाय आमच्या दारात उभी. उन्हातून चालत आलेली, घामाघूम. हातात पिशवी. मी पाणी दिलं तर आधी प्याली नाही. पिशवीतून स्कूटरच्या दोन रबरी मुठी काढून माझ्यापुढे ठेवल्या. दोन्ही कुरतडलेल्या.

"ह्यांका पण मी तेल लायतंय," ती म्हणाली. "स्कूटरीची सीट खाऊक नाय. टायर खाऊक नाय. मुठीच खाल्ल्यान. भक्ती, गुरून पायपाचो वास घेतल्यान काय?"

भावाने कुणाला सांगू नको म्हणून बजावलं होतं. मी खाली बघितलं.

"घेतल्यान," तीच म्हणाली. "म्हणान तो माका 'बरां केलंस' म्हणालो. शिरा पडो माझ्या तेलार." पदर नव्हता, झग्याच्या बाहीनेच तिने डोळे पुसले. मग पाणी प्याली, पेला खाली ठेवला आणि पिशवीतून फोन काढला. "रॉयडन लिवता त्या जाग्यार माका उलवचां आसा. माका लिवक येणा नाय. उलवचां बटन खंय तां दाखव."

"माय, गुरूला आवडायचं नाही."

"तेका काय आवडता तां मी विचारूक नाय. तू बटन धरून ऱ्हव."

मी आवाज भरायचं बटन धरून राहिले. ती फोनच्या अगदी तोंडाशी जाऊन, समोर अख्खी वाडी बसली आहे अशा आवाजात बोलली:

"मी क्लेमेंटिना उलयतंय, डॉमिंगोची बायल. आयकतात मा सगळे? गाडयेक चुकीचां तेल गुरून घालूक नाय, मी घातलंय. खोबरेल. पायपाक लायलंय, तो उंदरान खाल्ल्यान, आणि खाणीची धूळ भितर गेली. गुरूक ह्यां म्हायत होतां. माका वायट वाटात म्हणान तो बोलूक नाय. माका वायट वाटलांच. पण म्हणान तेचां नाव कित्याक जावचां? तेणा एकदा हात घालूक नाय ही चूक तेणा सांगल्यान, माझी मी सांगतंय. आता ऱ्हवलो रॉयडन. गाडयेत पिवळो दिवो पेटलो होतो, तरी तू गोव्याक गेलंस, माका तूच बोललंस. तां पण लिव हंय. आणि लिवन झालां काय जेवूक ये, वाडून ठेवलंय."

तिने मान हलवली. मी बोट काढलं आणि निरोप गेला.

पुढचं मला गुरूच्या शेजारच्या टपरीवाल्याने सांगितलं. गुरू गाडीखाली होता. टपरीवर पाच-सहा जणांच्या फोनवर एकाच वेळी मायचा आवाज सुरू झाला, थोडा मागेपुढे, आरतीत सगळे एकत्र म्हणत नाहीत तसा. गुरू गाडीखालून बाहेर आला नाही. शेवटपर्यंत नाही.

संध्याकाळी माझ्यावर मात्र तडकला. "तिची लाज काढलंस, अक्का! सबंध वाडीत!"

"मी फक्त बटन धरलं," मी म्हटलं. "आणि तिला तुझ्या नावाची काळजी वाटली तर तू कोण अडवणार?"

तो पानावर बसला, आणि किती दिवसांनी नीट जेवला. दुसऱ्यांदा भात घेतला.

रॉयडनने ग्रुपवर इंजिनाच्या धोक्याच्या त्या पिवळ्या दिव्याचं लिहिलं. एकच ओळ, पण लिहिली. आपला आधीचा मजकूर काढला. माफी वगैरे त्याला तोंडाने मागता आली नाही. पुण्याहून जुना पण धड सुपरचार्जर आला त्या दिवशी तो सकाळीच शेडमध्ये येऊन उभा राहिला, बॅटरी हातात घेतली आणि गुरू सांगेल तिथे उजेड धरत राहिला. नव्या पाइपाखालून गुरूने हात फिरवला, मग रॉयडनचा हात धरून त्यालाही फिरवायला लावला. 

मायही आली होती. बाहेर सावलीत खुर्ची टाकून बसली. रस्त्याने कुणी गाडी घेऊन थांबला, नुसता हवा भरायला थांबला, तरी ती हाक मारायची, "आयकलंस मा? तेल माझां होतां, गुरूचां न्हय."

चार-पाच जणांना सांगून झाल्यावर गुरू हात पुसत बाहेर आला. "माय, पुरे आता. सगळ्यांनी आयकलां."

"सगळ्यांनी खंय?" माय म्हणाली. "कुडाळचो वकील अजून येवक नाय."

आणि झगा सावरून, खुर्ची थोडी रस्त्याकडे सरकवून, ती कुडाळच्या बाजूला बघत बसली.